हरलेला युकिमुरा, टिकलेलं घराणं: सानादा सामुराईंची गोष्ट

ॲनिमे आणि गेम घराघरांत पोहोचल्यापासून एक लाल चिलखतवाला जपानी योद्धा आपल्याकडच्या मुलांच्याही चांगल्या ओळखीचा झालाय. शिरस्त्राणावर हरणाची शिंगं, निशाणावर सहा गोल नाणी. नाव सानादा युकिमुरा. पण त्याची खरी गोष्ट वाचायला घेतली की दहाव्या मिनिटाला डोकं गरगरायला लागतं. हा पठ्ठ्या शेवटची लढाई हरला. त्याचा सख्खा भाऊ शत्रूच्या गोटात होता. वडिलांनी एकाच वर्षात चार धनी बदलले. मग धन्यासाठी हसत प्राण देणारे सामुराई म्हणतात ते हेच का?

हेच. फक्त निष्ठा कुणाशी, हा प्रश्न आपण चुकीच्या जागी विचारतो. सानादांची तीन पिढ्यांची हकिकत लावून पाहिली की तो गुंता सुटतो.

आधी त्या काळाचा नकाशा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं यादवी चालली होती. क्योतोत सम्राट होता, पण नावापुरता. सम्राटाच्या नावाने खरी सत्ता चालवणारा सेनापती म्हणजे शोगुन. त्याचंही कुणी ऐकेनासं झालं होतं. मुलूख वाटून बसले होते दाइम्यो, म्हणजे स्वतःची फौज आणि किल्ले बाळगणारे सरदार. दाइम्योची ऐपत कोकुत मोजायचे. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाची वर्षभराची बेगमी. दहा हजार कोकुंचा मुलूख असला की माणूस दाइम्यो म्हणवून घ्यायच्या लायकीचा. परिभाषा एवढीच पुरे.

सानादा हे शिनानो प्रांतातलं, म्हणजे आजच्या नागानोतलं, डोंगराळ भागातलं लहान घराणं. त्यांची अवस्था दोन बड्या बागायतदारांच्या मध्ये चार एकर असलेल्या शेतकऱ्यासारखी होती. दोघेही दरवर्षी नांगर जरा आत घालून बांध कोरतात. एकाशी भांडायचं तर दुसऱ्याला धरून राहावं लागतं, आणि उद्या हे दोघे एक झाले तर आपली जमीन त्यांच्या तडजोडीत जाते. सानादांच्या भोवती असे बागायतदार चार होते. दक्षिणेला ताकेदा, उत्तरेला उएसुगी, पूर्वेला होजो, आणि पुढे तोकुगावा.

आजोबा सानादा युकित्सुना यांची जमीन १५४१ मध्ये अशीच गेली. तीन शेजाऱ्यांनी एकत्र येऊन हल्ला केला आणि त्यांना परागंदा व्हावं लागलं. त्या तिघांपैकी एक होते ताकेदा. पुढे युकित्सुना चाकरीला गेले ते त्याच ताकेदांकडे, त्यांचा मुलगा शिंगेन गादीवर आल्यावर. १५५० मध्ये शिंगेनला तोइशी किल्ला घेताना सपाटून मार खावा लागला होता. पुढच्याच वर्षी युकित्सुनांनी तो फंदफितुरी करून जवळपास न लढता घेतला. ज्याने हाकललं त्याच्याच घराची चाकरी करून जमीन परत मिळवली. घराण्याचा स्वभाव इथेच कळतो.

ओलीस पोरगा सेनापती कसा झाला?

युकित्सुनांचा तिसरा मुलगा मासायुकी, जन्म १५४७. सातव्या वर्षी त्याला ताकेदांकडे ओलीस म्हणून धाडलं. ओलीस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे साखळदंड येतात. प्रत्यक्षात असं पोर धन्याच्या वाड्यात वाढे, लिहा-वाचायला आणि लढायला शिके. बापाने दगा दिला तर मात्र त्याच्या मानेवर तलवार. मासायुकी शिंगेनच्या हाताखाली हुजऱ्या म्हणून तयार झाला. दरबारात बसून मोहिमा कशा आखतात, कोणाला कधी फोडतात, हे त्याने अगदी जवळून पाहिलं. तिसरा मुलगा असल्यामुळे वतन काही त्याच्या वाट्याला येणार नव्हतं. त्याला दुसऱ्या घराण्यात दत्तकही दिलं होतं.

१५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत त्या वेळचा सगळ्यात बलाढ्य दाइम्यो ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इएयासु यांच्या बंदुकांपुढे ताकेदांची फौज कोसळली. मासायुकीचे दोन्ही थोरले भाऊ तिथेच पडले. दत्तक गेलेला तिसरा मुलगा परत आला आणि घराचा कर्ता झाला.

एका वर्षात चार धनी

१५८२ हे साल सानादांच्या गोष्टीतलं सगळ्यात गोंधळाचं, म्हणून सावकाश घेऊ. वसंतात ताकेदा घराणं संपलं. मासायुकी विजेत्या ओदा नोबुनागाला शरण गेला. जूनमध्ये नोबुनागालाच त्याच्या सरदाराने क्योतोत गाठून संपवलं. ओदांची माणसं शिनानोतून पळाली आणि मोकळ्या मुलखावर उएसुगी, होजो, तोकुगावा तिघेही तुटून पडले. मासायुकी आधी उएसुगींकडे झुकला, मग होजोंकडे, आणि वर्ष संपायच्या आत तोकुगावांकडे.

त्यानंतर इएयासु आणि होजोंचा तह झाला. तहात इएयासुने होजोंना नुमाता हा मुलूख देऊन टाकायचं कबूल केलं. नुमाता होतं मासायुकीचं, त्याने स्वतःच्या मनगटावर मिळवलेलं. वतनापायी माणसं काय काय करतात हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मासायुकीने साफ नकार दिला, उएसुगींशी पुन्हा सूत जमवलं आणि दुसरा मुलगा नोबुशिगे याला तिकडे ओलीस पाठवलं. हा नोबुशिगे म्हणजेच आपला युकिमुरा.

१५८५ मध्ये इएयासुने सुमारे ७,००० माणसं मासायुकीच्या उएदा किल्ल्यावर धाडली. मासायुकीजवळ जेमतेम २,०००. त्याने शत्रूला अडवलंच नाही, किल्ल्याच्या अगदी दारापर्यंत येऊ दिलं. गावातल्या गल्ल्यांमध्ये कुंपणं मुद्दाम तिरकी, एकाआड एक उभारलेली होती. आत शिरताना ती फारशी आडवी येत नव्हती. पण वरून मारा सुरू झाला आणि मागे फिरायची वेळ आली तेव्हा त्याच कुंपणांत माणसं एकमेकांवर आदळली, त्यात घरांना आग लागली, आणि पळणाऱ्यांपुढे नदी आली. सानादांच्या पत्रातला आकडा १,३०० हून जास्त ठार असा आहे, तोकुगावांच्या बाजूचे आकडे बरेच कमी. जिंकणारा चढवून सांगतो आणि हरणारा उतरवून, ते सोडून द्या. पण तोकुगावांच्या फौजेतल्या ओकुबो हिकोझाएमोननेच नंतर आपल्या माणसांचे पाय कसे लटपटत होते ते लिहून ठेवलंय.

मग ही फितुरी नाही का?

हा आक्षेप हमखास येतो, आणि रास्त आहे. त्या काळच्या माणसाने उत्तर असं दिलं असतं: धनी माझी जमीन राखणार, मी त्याला फौज देणार, असा हा व्यवहार आहे. धनीच मेला, किंवा माझी जमीन परस्पर तिसऱ्याला देऊन मोकळा झाला, तर व्यवहार मोडला तो त्याने. सामुराईची पहिली बांधिलकी आपल्या घराशी होती: पूर्वजांचं नाव, वतन, पदरची माणसं. धनी हा ते टिकवण्याचा मार्ग.

सामुराईची जी निष्ठा आपण पडद्यावर पाहतो ती मुख्यतः नंतरची. १६१५ नंतर अडीचशे वर्षं जपानमध्ये मोठी लढाई जवळजवळ झालीच नाही. सामुराई पगारी कारकून झाले, धनी बदलायची सोय उरली नाही आणि निष्ठेचे ग्रंथ लिहिले जाऊ लागले. लढाया संपल्यावर लढवय्यांचं नीतिशास्त्र बहरलं, हे मला तरी गमतीशीर वाटतं.

तरीही मासायुकी त्याच्या काळातही जरा जास्तच निसरडा मानला जाई. त्याला साधुसंत करायचं कारण नाही.

नागुरुमी: एवढासा किल्ला, केवढा भडका

पुढे तोयोतोमी हिदेयोशी सगळ्यांचा धनी झाला. सानादाही त्याच्या छत्राखाली आले आणि नोबुशिगे ओसाकाला त्याच्या पदरी राहिला. १५८९ मध्ये हिदेयोशीने नुमाताचा तंटा तोडला. दोन तृतीयांश होजोंना, एक तृतीयांश सानादांना, त्यात नागुरुमीचा छोटा किल्ला. काही महिन्यांत होजोंच्या एका किल्लेदाराने नागुरुमी बळकावला. हिदेयोशी निमित्तच शोधत होता. १५९० मध्ये त्याने प्रचंड फौज नेऊन होजोंचं राज्य बुडवलं. बांधावरची जमीन मधे आली आणि बडा बागायतदारच गेला.

इनुबुशीची रात्र

१५९८ मध्ये हिदेयोशी वारला. वारस पाच वर्षांचा. दोन तट पडले. पूर्वेचा तट इएयासुचा, पश्चिमेचा हिदेयोशीचा कारभारी इशिदा मित्सुनारी याचा. ऑगस्ट १६०० मध्ये इएयासु उएसुगींवर चालून निघाला होता आणि त्याला सामील व्हायला मासायुकी दोन्ही मुलांसह इनुबुशी या गावी पोचला होता. तिथे मित्सुनारीचं पत्र आलं: आमच्या बाजूला या.

बापलेक तिघे दार लावून बसले. दंतकथा अशी की कावारा नावाचा एक इमानी चाकर काय चाललंय म्हणून डोकावला, तर मासायुकीने पायातली लाकडी खडाव फेकून मारली आणि बिचाऱ्याचे पुढचे दात पडले. खरं-खोटं देव जाणे, पण खोलीतला ताण त्यातून कळतो.

निर्णय झाला तो असा: मासायुकी आणि नोबुशिगे पश्चिमेला, थोरला नोबुयुकी पूर्वेला.

हे आधीच ठरवून केलं होतं का?

‘दोन्ही घोड्यांवर पैसे लावले’ असा सरळ अर्थ बहुतेक जण काढतात. तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि ठेवलं जाणारही नव्हतं. कारणं मात्र समोर दिसतात. नोबुयुकीची बायको कोमात्सुहिमे ही इएयासुच्या नामांकित सेनानीची, होंडा तादाकात्सुची मुलगी. तोकुगावांच्या घरची मानलेली लेक म्हणून तिला सानादांकडे दिलं होतं. नोबुशिगेची बायको ओतानी योशित्सुगुची मुलगी आणि ओतानी हा मित्सुनारीचा जिवलग मित्र. मासायुकीच्या मनात नुमाताचा सल होताच, शिवाय मित्सुनारीने भरपूर मुलूख कबूल केला होता. म्हणजे प्रत्येकाला आपापल्या दिशेला ओढणारी सोयरीक होती. घर तुटणारच होतं, त्यांनी ते निदान एकमेकांना सांगून तोडलं, असं माझं मत.

असं करणारे ते एकटे नव्हते. आरमारासाठी प्रसिद्ध असलेल्या कुकी घराण्यातही बाप पश्चिमेला आणि मुलगा पूर्वेला होता. मुलाने वडिलांसाठी माफी मिळवली, पण निरोप पोचण्याआधी बापाने पोट फाडून घेतलं होतं. अशी योजना कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात सगळं एका घोडेस्वाराच्या वेगावर अवलंबून असायचं.

इनुबुशीहून परतताना मासायुकी नुमाताला थांबला, नातवंडांना बघायचं म्हणून. होजो बुडाल्यावर नुमाता नोबुयुकीकडे आलं होतं, म्हणून किल्ल्यात सून होती, कोमात्सुहिमे. ती म्हणे चिलखत चढवून दारात उभी राहिली आणि सासऱ्याला आत घेतलं नाही. तुम्ही आता शत्रू. नंतर मुलांना घेऊन स्वतःच जवळच्या देवळात गेली आणि आजोबांना भेटवून आणलं. हीही परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट. सासऱ्याने मनातून शाबासकी दिली असेल, कारण संधी मिळती तर त्याने किल्ला घेतला असता.

३८,००० माणसं आणि उशिरा पोचलेला राजपुत्र

इएयासुचा मुलगा आणि वारस हिदेतादा ३८,००० फौज घेऊन डोंगरातल्या वाटेने पश्चिमेकडे निघाला. वाटेत उएदा. मासायुकीजवळ सुमारे २,५०० माणसं. त्याने आधी शरण येण्याची बोलणी लावून दिवस काढले, मग तोंड फिरवलं. नोबुशिगेकडे तोइशी किल्ला होता आणि त्यावर चालून आला सख्खा भाऊ. नोबुशिगे न लढता मागे हटला आणि नोबुयुकीला किल्ला मिळाला. भावाभावांनी एकमेकांवर हात उचलला नाही आणि नोबुयुकीची तोकुगावांकडची पत राहिली.

हिदेतादा दोन्ही तटांच्या निर्णायक लढाईला, २१ ऑक्टोबर १६०० ला सेकिगाहाराला, पोचूच शकला नाही. याचं सगळं श्रेय मासायुकीला देतात, ते थोडं जास्त होतं. उएदा घ्यायचा हुकूम हिदेतादाला मुळात होताच आणि ‘ताबडतोब ये’ हा बापाचा नवा निरोप पूर आलेल्या नद्यांमुळे उशिरा मिळाला. काही असो, इएयासु त्याच्याशिवाय जिंकला. मासायुकी आपली लढाई जिंकून युद्ध हरला.

इएयासुने त्यांना मारलं का नाही?

नोबुयुकी आणि त्याचा सासरा होंडा तादाकात्सु, दोघांनी रदबदली केली. होंडासारख्या माणसाला दुखावणं इएयासुला परवडणारं नव्हतं. उएदाचा मुलूखही नोबुयुकीलाच मिळाला. किंमत एकच: वडिलांशी संबंध तोडल्याची खूण म्हणून त्याने आपल्या नावातलं पिढीजात अक्षर बदलून घेतलं.

बापलेकांना कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर हद्दपार केलं. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. तिथल्याच कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. सानादांच्या काळात त्या डोंगरावर बायकांना बंदी होती. नोबुशिगे कुटुंबासह आलेला, म्हणून त्यांना पायथ्याच्या कुदोयामा गावी राहू दिलं.

तिथली पत्रं वाचली की चिलखत गळून पडतं. दोनदा तोकुगावांना धूळ चारणारा मासायुकी घरी लिहितो की ठरलेल्या ४० सुवर्णनाण्यांपैकी २० पोचली, कर्ज फार झालंय, उरलेली लवकर पाठवा, नाही जमलं तर पाच-सहा तरी पाठवा. माफी मिळेल या आशेवर तो १६११ पर्यंत जगला आणि तिथेच गेला. नोबुशिगेने एका पत्रात शोचू ही दारू मागवली आहे. बुधल्याचं तोंड घट्ट बांधा, वर कागद चिकटवा, सांडायला नको! दुसऱ्या पत्रात मेव्हण्याला कळवतो की एकाएकी म्हातारा झालोय, दात पडले, दाढीत काळा केस फारसा उरला नाही. वय पंचेचाळिशीच्या आसपास.

ओसाका

१६१४ मध्ये इएयासुने हिदेयोशीच्या मुलाचा, हिदेयोरीचा, कायमचा निकाल लावायचं ठरवलं. ओसाका किल्ल्यात हजारो रोनिन जमले. रोनिन म्हणजे धनी गमावलेले, बेकार सामुराई. नोबुशिगे कुदोयामाहून निसटून तिथे पोचला. किल्ल्याच्या दक्षिण बाजूला त्याने मातीचा बुरूज उभारला, सानादामारू. त्या हिवाळ्यात इएयासुच्या बाजूची माणसं त्याच्यापुढे ढिगांनी पडली. मग तह झाला आणि तहाच्या आडून तोकुगावांनी किल्ल्याचे खंदक बुजवून टाकले. याच सुमारास नोबुशिगेला फोडायला काकालाच मध्यस्थ म्हणून पाठवलं आणि अख्खा शिनानो प्रांत देऊ केला, असं सांगतात. तो बधला नाही. बहिणीकडच्या माणसांना त्याने लिहिलं की आम्ही आता या जगात आहोत असं धरू नका.

३ जून १६१५ ला तेन्नोजीजवळ त्याने थेट इएयासुच्या छावणीवर झडप घातली. लाल चिलखतांची तुकडी आत घुसली, छावणी उधळली गेली, पण इएयासु वाचला. थकून बसलेला नोबुशिगे यासुइ देवळाजवळ मारला गेला. किल्ला पडला तेव्हा त्याचा मुलगा दाइसुके आत हिदेयोरीसोबतच मेला. नोबुयुकी आजारी होता, म्हणून त्याचे दोन मुलगे तोकुगावांच्या बाजूने याच रणात होते. निशाणावरची ती सहा नाणी म्हणजे मृतांच्या नदीवर नावाड्याला द्यायचं भाडं. आपल्याकडची वैतरणी आठवावी. भाडं कपाळावर घेऊन हे लढायला निघत.

‘जपानमधला पहिल्या नंबरचा योद्धा’ ही त्याची कीर्ती सात्सुमा प्रांतातल्या शिमाझु घराण्याच्या पत्रातून आलेली आहे. त्यांची फौज वेळेवर पोचली नव्हती, म्हणजे हे ऐकीव. पण ते तोकुगावांच्या बाजूचे होते आणि शत्रूची अशी तारीफ फुकट कुणी करत नाही. ‘युकिमुरा’ हे नाव मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या युद्धकथांनी रूढ केलं, त्याच्या पत्रांवर सही नोबुशिगे अशीच. सोबतचे दहा निंजा वीर तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्वस्त कादंबऱ्यांनी गाजवले. मुलांना हे सांगताना जपून, हिरमोड होतो.

आणि तो दुसरा भाऊ?

गाजला नाही, जगला. १६२२ मध्ये इएयासुच्या मागून शोगुन झालेल्या हिदेतादाने नोबुयुकीला उएदाहून मात्सुशिरोला हलवलं, नुमाता धरून एकूण १,३०,००० कोकुंवर. घराण्याची कागदपत्रं एका पेटाऱ्यात राखली गेली. त्यात इएयासुची पत्रं होती आणि मित्सुनारीचीही. दुसरी सापडती तर घर गेलं असतं. तरी ती जाळली नाहीत.

नोबुयुकी वयाच्या ९३ व्या वर्षापर्यंत जगला आणि अखेरच्या वर्षात, १६५८ मध्ये, त्याला भाऊबंदकी बघावी लागली. गादीवरचा मुलगा त्याच्या आधी वारला. वारस तान्हा नातू की नुमातावाला मोठा नातू, यावर वाद शोगुनच्या दारापर्यंत गेला. म्हाताऱ्याने लहानग्याची बाजू धरून ती निभावली आणि काही महिन्यांत डोळे मिटले. मात्सुशिरो सानादांकडे १८७१ पर्यंत, दाइम्योशाही संपेपर्यंत, राहिलं. नुमाता वेगळं झालं. तिथल्या नातवाने मात्सुशिरोशी बरोबरी करायला ३०,००० कोकुंचा मुलूख कागदोपत्री १,४४,००० चा दाखवला आणि त्या हिशेबाने शेतकऱ्यांना पिळलं. त्यात शोगुनची राजधानी एदो, म्हणजे आजचं टोकियो, तिथल्या र्‍योगोकु पुलासाठी कबूल केलेलं लाकूड वेळेत पोचवलं नाही. १६८१ मध्ये शोगुनने नुमाता जप्त केलं.